वापरलेला संगणक : १४०१ ते लॅपटॉप

देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या खोलीत किंवा बारावीच्या विद्यार्थ्याच्या घरी लॅपटॉपचा विषय निघाला, की दोन वाक्ये हटकून कानावर येतात. ‘नवा परवडत नाही’ हे पहिले, आणि ‘जुना घेतला तर फसगत होते’ हे दुसरे. पहिल्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याचा मात्र नीट विचार करता येतो. वापरलेला संगणक घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या देशाला काही आज पडलेला नाही. साठ वर्षांपूर्वी तो मोठमोठ्या कंपन्यांना आणि रेल्वेला पडला होता, आणि पुढे थेट संसदेच्या समितीपर्यंत गेला होता. तेव्हा काय घडले ते पाहिले, तर आज दुकानात उभे राहून कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळते.

भारतातील संगणकांचा इतिहास सांगताना आपण सहसा संशोधनसंस्थांची नावे घेतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून आणलेला संगणक (१९५५-५६), मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ (१९६०), कानपूरच्या आयआयटीतील आयबीएम १६२० (१९६३) ही ती नेहमीची नावे. पण पगारपत्रके, बिले आणि मालाचे हिशेब ही रोजची हमाली करणारा संगणक निराळाच होता. त्याचे नाव आयबीएम १४०१. मुंबईत एस्सो या तेलकंपनीने १९६१ साली तो बसवला. पुढे रेल्वे, कारखाने आणि सरकारी खाती यांच्याकडे तो येत गेला. आणि यातली बरीच यंत्रे वापरलेली होती.

हे यंत्र कसे होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते जाहीर झाले. निर्वात नळ्यांच्या जागी त्यात ट्रान्झिस्टर होते. माहिती आत जायची ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एका कार्डावर ८० अक्षरे मावत, आणि कार्डवाचक मिनिटाला ८०० कार्डे वाचे. यंत्राची स्मृती १,४०० अक्षरांपासून सुरू होई आणि फार तर १६,००० अक्षरांपर्यंत वाढवता येई. ४,००० अक्षरांची स्मृती घेतली, तर तिच्यात एका वेळी फक्त ५० कार्डांचा मजकूर राहू शके. तुम्ही वाचत असलेला हा लेख त्याच्या सर्वांत मोठ्या स्मृतीत मावला असता की नाही, याची आम्हाला शंकाच आहे. तरीही अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे जगभर बसली. त्या काळाच्या मानाने ते स्वस्त, भरवशाचे आणि वेगाने छपाई करणारे यंत्र होते.

आता त्याचे अर्थकारण. आयबीएम आपली यंत्रे मुख्यतः भाड्याने देत असे. १४०१ चे भाडे महिना २,५०० डॉलरपासून पुढे होते. चार वर्षांत हे किमान भाडेच १,२०,००० डॉलर होते. यंत्र बनवण्याचा खर्च पहिल्या काही वर्षांतच भरून निघाला, की पुढचे भाडे हा जवळजवळ निव्वळ नफा. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही नवी मालिका जाहीर केली. अमेरिकेतील आणि युरोपातील ग्राहक तिकडे वळू लागले, आणि त्यांची १४०१ यंत्रे कंपनीकडे परत येऊ लागली. चालू स्थितीतली, खर्च वसूल झालेली, पण तिकडे मागणी नसलेली ही यंत्रे. त्यांचे काय करायचे?

त्यातली काही भारतात आली. कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात ती उघडून साफसूफ केली जात, झिजलेले भाग बदलले जात, आणि ती भारतीय ग्राहकांना भाड्याने दिली जात. आज ज्याला आपण ‘रिफर्बिश्ड’ म्हणतो, तोच हा प्रकार. टीकेचा रोख असा होता, की तिकडे भंगाराच्या भावाची झालेली यंत्रे इथे जवळजवळ नव्याच्या दराने भाड्याने दिली जात आहेत. १९७५-७६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झाडाझडती घेतली, तेव्हा ही टीका कागदावर आली. आपल्याला जुनाट माल गळ्यात मारला गेला, अशी या साऱ्या प्रकरणाची आठवण लोकांच्या मनात राहिली.

ही आठवण अर्धीच खरी आहे, असे आमचे मत आहे. यंत्र जुने होते, हा मुख्य दोष नव्हताच. बिले काढायला १४०१ पुरेसा होता. आजही एखाद्या शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि गुणपत्रके सांभाळण्यापुरती गणनशक्ती त्यात होती. दोष दुसरीकडे होता. ग्राहकाला यंत्राची खरी किंमत कळत नव्हती, ते कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचे हे ठरवता येत नव्हते, आणि शेजारी दुसरा विक्रेता नव्हता.

याची खूण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी खटल्यात आयबीएमशी तडजोड केली. तिच्यानुसार कंपनीला आपली यंत्रे केवळ भाड्याने न देता विकायलाही काढावी लागली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांनाही द्यावी लागली. त्यामुळे तिथे वापरलेल्या संगणकांचा खुला बाजार उभा राहिला. त्यात यंत्राला मोल होते, कारण कंपनीवाचूनही ते चालू ठेवणारे लोक होते. तेच यंत्र समुद्र ओलांडून मुंबईत आले की त्याच्या किल्ल्या पुन्हा एकाच हातात जात. आपल्याकडे अशी काही अट नव्हती.

विक्रेता गेला, यंत्रे राहिली

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्यातली खरी गोष्ट सुटते. परकीय चलन नियमन कायदा १९७३ साली झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. त्याखाली परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा लागणार होता. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ साली देश सोडला. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आणि ‘आयबीएमला घालवले’ हे वाक्य त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

पण कंपनी गेली तरी तिची यंत्रे कचेऱ्यांत उभीच होती. ती आता कोण चालू ठेवणार? यासाठी केंद्र सरकारने १९७५ सालीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही संस्था स्थापन करून ठेवली होती. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभरातील सुमारे ८०० ठिकाणची आयबीएमची यंत्रे तिने देखभालीसाठी हाती घेतली. बनवणारा एक आणि सांभाळणारा दुसराच, ही गोष्ट तेव्हा संगणकांच्या बाबतीत नवलाचीच होती. तोवर प्रत्येक कंपनीचे यंत्र त्याच कंपनीचा माणूस उघडत असे.

हे जमले, याचे एक कारण यंत्राच्या रचनेत होते. १४०१ चे आतले मंडल पोस्टकार्डाहूनही लहान अशा शेकडो पट्ट्यांवर विभागलेले होते. प्रत्येक पट्टीवर थोडेसे ट्रान्झिस्टर, रोधक आणि डायोड. बिघाड झाला की आराखडे पाहून दोष कोणत्या पट्टीत आहे ते हुडकायचे, ती उपसून दुसरी बसवायची, आणि काढलेली पट्टी टेबलावर घेऊन तिच्यावरचा एखादा जळका भाग बदलायचा. डाग देण्याची लेखणी, बहुमापक आणि आराखड्यांची जाडजूड पुस्तके, एवढ्यावर यंत्र वर्षानुवर्षे चाले. ही पुस्तके आणि ही पट्टी-पद्धत नसती, तर सीएमसी कितीही हुशार असती तरी काही उपयोग नव्हता.

या देखभालीतून सीएमसी पुढे फार लांब गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रेल्वेची संगणकीय आरक्षण पद्धत तिने उभी केली. त्याच सुमारास हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियात (ईसीआयएल) देशी संगणक बनत होते. डॉ. अय्यगारी सांबशिव राव यांच्या पुढाकाराने १९६७ साली ही संस्था उभी राहिली होती, आणि १९६९ साली तिने ‘टीडीसी-१२’ हा संगणक दिला. ती यंत्रे परदेशी यंत्रांपेक्षा महाग आणि संथ असल्याची टीका झाली, आणि तिच्यात तथ्यही होते. पण संगणकाचे पोट उघडून पाहायला न घाबरणारी माणसे हैदराबादेत तयार झाली, ती अशाच संस्थांमधून. नांदेड-देगलूरच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे, कारण वापरलेल्या लॅपटॉपसाठी त्यांची वाट अखेर त्याच शहराकडे जाते.

मधली पंचवीस वर्षे

‘जुना संगणक म्हणजे भंगार’ हे मत लोकांच्या मनात पक्के झाले ते १४०१ मुळे नव्हे. ते झाले ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत, आणि तेव्हा ते बरोबरही होते.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या प्रकल्पाखाली सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. आज निवृत्तीला आलेल्या काही शिक्षकांना ते आठवत असतील. त्यांचा प्रक्रियक २ मेगाहर्ट्झचा आणि स्मृती ३२ किलोबाइटची होती. शाळांनी ते शिकून घेईपर्यंत बाजारात दुसरेच यंत्र रूढ झाले होते. इंटेलचा ३८६ प्रक्रियक १९८५ साली १६ मेगाहर्ट्झ वेगाने आला. मार्च १९९३ मध्ये पेंटियम ६० मेगाहर्ट्झच्या आसपास होता. मार्च २००० मध्ये पेंटियम-३ ने १,००० मेगाहर्ट्झचा, म्हणजे १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला.

हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. १६ वरून १,००० म्हणजे साधारण ६२ पट. दोनचा सहावा घात ६४, म्हणजे सहा वेळा दुप्पट. पंधरा वर्षांत सहा वेळा, म्हणजे दर अडीच वर्षांनी दुप्पट. अशा काळात पाच वर्षांचे जुने यंत्र नव्याच्या पावपट वेगाचे असणार, हे उघड आहे. शिवाय नव्या आज्ञावल्या नव्या वेगाला धरून लिहिल्या जात, त्यामुळे जुन्या यंत्रावर त्या रडतखडत चालत किंवा चालतच नसत. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि तालुक्यातालुक्यांत संगणक पोहोचले, तेव्हा केंद्रचालकांना ही कटकट चांगलीच भोवली असणार. त्या काळी कोणी वापरलेला संगणक घेऊ नका म्हणून सांगितले असेल, तर ते शहाणपणाचेच होते.

मग २००४ च्या सुमारास हा नियम मोडला, आणि तो का मोडला हे भौतिकशास्त्र आहे. प्रक्रियकात खर्च होणारी शक्ती तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : मंडलाची धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात घटवाल त्याच प्रमाणात विद्युतदाबही घटवला, तर वेग वाढतो, पण दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते. (डेनार्ड आयबीएमचेच. संगणकाच्या इतिहासात या कंपनीला टाळून पुढे जाता येत नाही.) तीस वर्षे हा नियम कामी आला. पण विद्युतदाब एक व्होल्टच्या आसपास आल्यावर अडचण उभी राहिली. त्याहून खाली गेले, की ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही त्यातून प्रवाह गळू लागतो. दाब घटेना, पण वारंवारता वाढतच होती, आणि साहजिकच उष्णताही वाढली.

किती? घरची इस्त्री घ्या. १,००० वॉटची, तळाचे क्षेत्रफळ धरू २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट. २००४ मधील पेंटियम-४ चा तुकडा सव्वा चौरस सेंटिमीटरपेक्षाही लहान होता आणि सुमारे १०० वॉट ओकत होता. म्हणजे इस्त्रीच्या सोळापटींहून अधिक. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ची योजना रद्द केली. मग एका तुकड्यावर दोन, चार, आठ गाभे बसवण्याचा रस्ता सर्वांनीच धरला.

जुनी चाल टिकली असती तर काय झाले असते? २००२ च्या अखेरीस ३ गिगाहर्ट्झ होते. दर अडीच वर्षांनी दुप्पट या हिशेबाने वीस वर्षांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट, म्हणजे २०२२ साली पाऊणशे दशकांहून अधिक, नेमके सांगायचे तर ७६८ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्षात आजचे सर्वांत वेगवान प्रक्रियकही ६ गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळतात. नवे प्रक्रियक एका ठोक्यात अधिक काम करतात, वीज कमी खातात, त्यांना अधिक गाभे असतात, हे सगळे खरे. पण प्रश्नपत्रिका टाइप करणे, गुणांचा तक्ता करणे, शैक्षणिक चित्रफिती दाखवणे, आज्ञावली लिहायला शिकणे या कामांत सहा-सात वर्षांच्या चांगल्या लॅपटॉपमध्ये आणि नव्यामध्ये पूर्वीसारखी दरी उरलेली नाही. वापरलेला लॅपटॉप हा आज विचार करण्याजोगा पर्याय झाला, तो या अडलेल्या घड्याळामुळे.

मग म्हातारे काय होते?

प्रक्रियक सहसा होत नाही. होते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ती दोन प्रकारे झिजते : भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्यांनी, आणि नुसत्या काळाने. पूर्ण भरलेली बॅटरी गरम जागी पडून राहिली की दुसरी झीज वेगाने होते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चार्जरला लावून ठेवलेला लॅपटॉप याचे आदर्श उदाहरण. विंडोज प्रणालीतून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर निम्म्याच्या खाली आले, तर नव्या बॅटरीची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरूनच भाव करा.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्क. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारे डोके योग्य वर्तुळावर न्यायला आणखी दहाएक. म्हणजे विखुरलेली माहिती सेकंदाला साठ-पासष्ट वेळाच वाचता येते. लॅपटॉप सुरू होताना अशी हजारो छोटी वाचने होतात. ‘जुना लॅपटॉप फार हळू आहे’ ही तक्रार निम्म्या वेळा या फिरत्या तबकडीची असते. तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, की हीच वाचने हजारोंच्या घरात जातात, आणि तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये घातलेल्या पैशाचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.

स्मृती आठ गिगाबाइट तरी असावी, आणि वाढवण्याची जागा आहे का ते पाहावे. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य पट्टीवर कायमची डाग देऊन बसवलेली असते. ती बदलता येत नाही, वाढवता येत नाही. १४०१ ची उपसून काढण्याची पट्टी आठवा. दिसायला देखणा आणि बंद, की जाडसर पण उघडता येणारा, अशी निवड असेल तर दुसरा घ्यावा. कंपन्यांमध्ये वापरले जाणारे डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोव्हो थिंकपॅड यांसारख्या मालिका वापरलेल्या बाजारात भाव खातात, त्या मजबुतीमुळे आणि सुटे भाग मिळतात म्हणून. तरी याच मालिकांच्या अलीकडच्या काही पातळ नमुन्यांतही स्मृती डाग दिलेली असते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये. (थिंकपॅड १९९२ साली आणला तो आयबीएमनेच. २००५ साली तो व्यवसाय लेनोव्होकडे गेला.)

आणि तिसरे म्हातारपण डोळ्यांना दिसतच नाही. ते प्रणालीचे असते. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा प्रक्रियक साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे : ‘आय-५’ किंवा ‘आय-७’ नंतरच्या आकड्याचा पहिला अंक पाहा. ८२५० म्हणजे आठवी पिढी, ६३०० म्हणजे सहावी. पहिला अंक १ असला, तर पहिले दोन अंक घ्यायचे, म्हणजे १०२१० ही दहावी पिढी. विक्रेता ‘आय-५ आहे’ एवढेच सांगून थांबला, तर त्याने काहीच सांगितलेले नाही.

सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप यामुळे एकाएकी स्वस्त झाले असतील, तर त्यात नवल नाही. यंत्र ठणठणीत, पण कर्ता निघून गेला, अशी १९७८ चीच ही स्थिती आहे. फरक एवढा की या वेळी सीएमसी आधीच तयार आहे, आणि ती सरकारी नाही. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या ३८६ संगणकासाठी लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या प्रणाली विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रांवर चालतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या एका कंपनीच्या मर्जीवर नसतात. सी-डॅकने भारतीय भाषांची सोय करून ‘बॉस’ नावाची अशीच प्रणाली काढली. केरळच्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षे खुल्या आज्ञावल्यांवर शिकवत आहेत. ज्याला एखादी विशिष्ट विंडोज आज्ञावली लागतेच, त्याने आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये. बाकीच्यांनी सातव्या पिढीच्या लॅपटॉपला नाक मुरडण्याआधी लिनक्स चालवून पाहावे.

देगलूरहून बाजार

देगलूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यातच होता, आणि अकोल्याहून नांदेड-देगलूरमार्गे संगारेड्डीकडे जाणारा महामार्ग आजही तिकडेच पोहोचवतो. १९९८ साली हैदराबादेत हायटेक सिटी उभी राहिली. तिथल्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. हा माल सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारांत येतो, आणि तिथून आसपासच्या जिल्ह्यांत. परदेशातून वापरलेले लॅपटॉप आणायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे ‘थेट अमेरिकेचा माल’ असे कोणी सांगितले, तर कागद मागावा.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे त्यांना नोबेल मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. विकणाऱ्याला मालाचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा मग सरासरी भावच देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि गाळ उरतो. यावर एक उपाय म्हणजे हमी. माल वाईट आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो लेखी हमी द्यायला कचरतो. म्हणून सहा महिन्यांची लेखी हमी आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहिलेली पावती यांसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणे नीट करून विकणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हेही विचारता येते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि एक संकेतस्थळही काढले. १९५६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीपुरते जे घडले, त्याकडे आपण आता सावकाश निघालो आहोत.

दुकानात अर्धा तास तरी लॅपटॉप चालू ठेवून बसावे. पंख्याचा आवाज ऐकावा, सगळ्या कळा दाबून पाहाव्यात, पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधावेत, बिजागरी हलवून पाहावी. एक चाचणी मात्र बहुतेक जण विसरतात. लॅपटॉप पूर्ववत नवा करून, इंटरनेटला जोडून, पहिल्यापासून सुरू करायला सांगावे. तो आधीच्या कंपनीच्या ताब्यातून रीतसर मोकळा झाला नसेल, तर याच टप्प्यावर त्या कंपनीचे खाते मागतो आणि पुढे जात नाही. सुरुवातीच्या सेटिंगला परवलीचा शब्द लावलेला असेल, तर तोही काढून घ्यावा. हे दुकानातच करायचे, कारण घरी आल्यावर उघडकीला आले तर पुन्हा दोन बाजूंचे बसभाडे आणि एक रजा गेली.

आणि निघण्याआधी नांदेडला किंवा गावातच लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला एक फोन करावा, आणि त्याला विचारावे : कोणत्या मॉडेलची बॅटरी, कळफलक आणि चार्जर तुमच्याकडे दोन दिवसांत मिळतात? तो जी दोन-तीन नावे सांगेल, ती कागदावर लिहून घ्यावीत आणि बाजारात त्यांतलेच शोधावे.